मुबारकियातली पुडी

कुवैत शहराच्या मुबारकिया बाजारात अत्तारांच्या म्हणजे जडीबुटी विकणाऱ्यांच्या दुकानांपुढे मराठी माणूस फार वेळ परका राहत नाही. पोत्यांची तोंडे उघडी असतात आणि आत ओळखीचे चेहरे दिसतात. हब्बतुस्सौदा म्हणजे आपली कलौंजी, हुल्बा म्हणजे मेथी, हिल्तीत म्हणजे हिंग, कुस्त म्हणजे कोष्ठ, हलीलज म्हणजे हिरडा, सना म्हणजे सोनामुखी. रशाद मागितले की अळीव मिळतात. बाळंतिणीला आपण अळिवाचे लाडू देतो, तर आखातातल्या बायका रशाद घालून हसो नावाचा दाट पदार्थ शिजवतात. यात नवल वाटण्यासारखे काही नाही. तेल सापडायच्या आधी कुवैतची गलबते बसऱ्याचा खजूर घेऊन मुंबईला येत आणि परतताना लाकूड, तांदूळ, मसाले भरून नेत. १९६१पर्यंत कुवैतचा बाजार चालायचाही रुपयावर. माल आणि पैसा ज्या वाटेने गेला, त्याच वाटेने औषधेही गेली.

आता मात्र दोन्ही किनाऱ्यांवर या मालाच्या जोडीला एक नवे वाक्य विकले जाते. पूर्वी ‘आमच्या आजीपासून चालत आलंय’ एवढे पुरायचे. आता पुडीवर ‘प्रयोगशाळेत सिद्ध’ लागते. कुवैतमधल्या कलौंजीच्या तेलाच्या बाटलीवरही ते असते आणि पुण्यातल्या काढ्याच्या डब्यावरही. हे वाक्य बहुतेक वेळा पोकळ असते, असे माझे म्हणणे आहे. त्याहून वाईट म्हणजे, ते मिळवण्याच्या नादात रसायनशास्त्राने करायचे खरे काम मागे पडते.

त्या वाक्यामागे शोधनिबंध असतो हे खरे. जगभरच्या नियतकालिकांत असे निबंध दर महिन्याला ढिगाने छापून येतात आणि त्यांची घडण ठरून गेलेली आहे. वनस्पती वाळवायची, दळायची, मिथेनॉलमध्ये भिजवायची, द्रावक उडवून टाकायचा आणि उरलेला चिकट अर्क जीसी-एमएस यंत्रात सोडायचा. यंत्र एकामागून एक शिखरे काढते, संगणक ती आपल्या साठ्यातल्या नमुन्यांशी ताडतो, आणि तीस-चाळीस संयुगांची यादी तयार होते. मग प्रत्येक संयुगापुढे पूर्वी कुणी तरी कुठल्या तरी परीक्षानळीत पाहिलेला गुण लिहायचा : जंतुनाशक, दाहशामक, कर्करोगविरोधी. शेवटच्या परिच्छेदात ‘यावरून या वनस्पतीच्या पारंपरिक वापराला वैज्ञानिक आधार मिळतो’ हे वाक्य हमखास.

या पद्धतीत अळीव घाला. अळीव आपण नारळाच्या पाण्यात किंवा दुधात भिजवतो. ते फुगतात, बुळबुळीत होतात, आणि तो बुळबुळीतपणा हाच त्यांचा निम्मा गुण. पण तो चिकटा पडला बहुशर्करेचा. तो मिथेनॉलमध्ये उतरत नाही, गाळणकागदावरच राहतो आणि चोथ्याबरोबर फेकला जातो. ज्या लोहासाठी आपण अळीव देतो, ते लोह जीसी-एमएसला दिसत नाही. अळिवाचा झणका ज्या संयुगामुळे येतो ते अख्ख्या कोरड्या दाण्यात तयार नसते. दाणा पाण्यात ठेचला गेला की त्यातले विकर कामाला लागते आणि मग ते बनते. अल्कोहोलात ते विकर निकामी होते. म्हणजे लाडवात जे होते त्यातले जवळपास काहीच परीक्षेला बसले नाही, आणि निकाल मात्र लाडवाच्या नावे लागला.

सोनामुखीची गोष्ट याहून गमतीची आहे. जीसी-एमएस यंत्राला फक्त तेच दिसते जे तापवल्यावर न मोडता वाफ होऊन उडते. सोनामुखीचा रेचक गुण ज्यांच्यामुळे आहे ती सेनोसाइड्स जड आहेत, त्यांना साखरेचे रेणू चिकटलेले आहेत, आणि ती उडत नाहीत. म्हणजे या यंत्रातून सोनामुखीची लांबलचक यादी निघेल आणि तिच्यात सोनामुखीचा प्राण नसेल. बरे, योग्य यंत्र वापरून सेनोसाइड्स मोजली तरी पुढचा पेच आहेच. सेनोसाइड्स स्वतः फारसे काही करत नाहीत. मोठ्या आतड्यातले जीवाणू त्यांची साखर तोडून त्यांचे दुसऱ्याच संयुगात रूपांतर करतात, आणि काम करते ते संयुग. औषध पानात नसते, ते आपल्या पोटात तयार होते. त्यामुळे ‘या वनस्पतीतला सक्रिय घटक कोणता’ हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही.

या याद्यांत कधी कधी थॅलेट नावाची संयुगेही ‘वनस्पतीतील जैवसक्रिय घटक’ म्हणून मिरवताना दिसतात. थॅलेट प्लॅस्टिक मऊ करण्यासाठी वापरतात. ती बहुतेक वेळा बाटलीतून, नळीतून, द्रावकाच्या डब्यातून नमुन्यात उतरलेली असतात. आजीचा काढा सिद्ध करायला निघालेल्या माणसाने डब्याचे झाकण सिद्ध केले, एवढाच त्याचा अर्थ.

आणि अँटिऑक्सिडंट? जांभळ्या रंगाच्या द्रावणात अर्क टाकायचा आणि रंग किती फिका पडतो ते मोजायचे, ही ती चाचणी. चहा टाकला तरी रंग उतरतो. परीक्षानळीतल्या या गुणाचा शरीरात काय हिशेब लागतो हे फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर पाहिले गेले. १९९४ साली निकाल आला, तेव्हा बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी झालेला नव्हता, १८ टक्क्यांनी वाढलेला होता. तरीही बाटल्यांवरचा तो शब्द काही हटला नाही.

यावर कुणी म्हणेल की हे आळशी संशोधकांचे दोष झाले, नीट केलेल्या रसायनशास्त्राचे काय? नीट केलेल्या कामाचे आपल्याकडचे उत्तम उदाहरण गुग्गुळ आहे. सुश्रुताने मेदोरोगात सांगितलेला गुग्गुळ हाती घेऊन जी. व्ही. सत्यवती यांनी १९६६ साली बनारस हिंदू विद्यापीठात प्रबंध लिहिला. सुख देव यांच्यासारख्या पहिल्या प्रतीच्या रसायनशास्त्रज्ञांनी त्यातली संयुगे वेगळी काढली. गुग्गुलस्टेरॉनचे प्रमाण ठरवून केलेला अर्क १९८०च्या दशकात भारतात कोलेस्टेरॉलवरचे औषध म्हणून बाजारात आला. २००२ साली ‘सायन्स’मध्ये निबंध आला की गुग्गुलस्टेरॉन यकृतातल्या एका विशिष्ट ग्राहकाला म्हणजे रिसेप्टरला अडवते. ग्रंथाधार, संयुग, यंत्रणा, सगळे जुळले होते. पुढच्याच वर्षी अमेरिकेत १०३ माणसांवर आठ आठवड्यांची, खोट्या गोळीशी तुलना करणारी चाचणी झाली. गुग्गुळ घेणाऱ्यांचे वाईट कोलेस्टेरॉल चार-पाच टक्क्यांनी वाढले आणि काहींना अंगावर पुरळ उठले. या चाचणीवर आक्षेप घेता येतात. लोक वेगळे होते, आहार वेगळा होता, आणि गुग्गुळ शोधन न करता दिला होता असे वैद्य म्हणतील. घ्यावेत ते आक्षेप, पण ते माणसांवर नवी चाचणी करूनच तडीला जातील. गुग्गुलस्टेरॉनचे शिखर आणखी टोकदार काढून काही होणार नाही.

उलट बाजूला सर्पगंधा आहे. १९३१ साली दिल्लीत सलीमुज्जमाँ सिद्दिकींनी तिच्यातली अल्कलॉइड्स वेगळी केली आणि एकाला हकीम अजमल खानांवरून अजमलीन नाव दिले. पण रक्तदाबाच्या बाबतीत जगाचे लक्ष वेधले ते मुंबईच्या रुस्तम जाल वकील यांनी. १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये त्यांनी ५० रुग्णांवरचा आपला निबंध छापला. रक्तदाब उतरवणारे मुख्य संयुग, रेसर्पिन, स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीत वेगळे झाले ते १९५२ साली. आधी रोगी, मग रेणू. वकिलांना रेणूचे नाव माहीत नसताना औषध लागू पडते हे दाखवता आले. रेणूचे नाव कळल्यावर मात्रा नेमकी बांधता आली आणि काही रोग्यांना येणारे नैराश्यही नीट ध्यानात आले. रसायनशास्त्राचा उपयोग इथे नेमका कुठे झाला ते पाहण्यासारखे आहे : लागू पडते का हे सांगायला नव्हे, किती द्यायचे आणि कुणाला द्यायचे नाही हे सांगायला.

आता पुन्हा कुवैतकडे येतो, कारण माझ्या म्हणण्याचा सगळ्यात ठसठशीत पुरावा तिथेच आहे आणि तो एकाच वर्षातला आहे.

जानेवारी १९८१मध्ये कुवैतला इस्लामी वैद्यकाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तेलाचा पैसा होता, आरोग्यमंत्री अब्दुल रहमान अल-अवादी यांचा पुढाकार होता, आणि इब्न सीना, राझी यांचा वारसा पुन्हा उभा करायची मनापासूनची इच्छा होती. पुढे १९८४ साली याच प्रवाहातून इस्लामिक ऑर्गनायझेशन फॉर मेडिकल सायन्सेस ही संस्था कुवैतमध्ये स्थापन झाली. वनस्पतींच्या परीक्षणाचे कामही निघाले. परिषदेने वैद्यकीय नीतीचा जो मसुदा केला त्याची दखल मुस्लिम जगात पुढे बराच काळ घेतली गेली. हे सगळे चांगलेच होते. आपल्याकडे आयुर्वेदाच्या परिषदांत जो अभिमान असतो तोच तिथे होता, आणि अभिमान हा काही गुन्हा नाही.

त्याच १९८१ साली कुवैतमधल्या बालरोगतज्ज्ञांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. त्यात २० अर्भकांची हकीकत होती. शिसे मेंदूत चढलेली ही लेकरे रुग्णालयात आली होती. हे शिसे रंगाच्या कारखान्यातून आलेले नव्हते, पेट्रोलमधूनही नव्हते. डोळ्यांत घातल्या जाणाऱ्या कोहलमधून आणि बुखूरमधून ते आले होते. बुखूर म्हणजे बाळ शांत व्हावे म्हणून निखाऱ्यांवर लाकडाबरोबर शिशाचे खनिज टाकून धुरी देण्याची रीत. प्रेमापोटीची, पिढ्यान्‌पिढ्यांची. धुराला वास चांगला येतो. बाळ गप्प होते.

काजळाचा विचार करा. आपल्याकडे तुपाच्या निरांजनावर वाटी धरून जे काजळ पाडतात ते काजळी, म्हणजे कार्बन. कोहल किंवा सुरमा अनेकदा गॅलिना या दगडाची पूड असतो, म्हणजे शिशाचा सल्फाइड. दोन्ही काळे, दोन्ही मऊ, दोन्ही आईच्याच बोटावर. डोळ्याला फरक कळत नाही, परंपरेलाही कळत नाही. कारण विषाचा परिणाम हळूहळू, इतर शंभर कारणांच्या गर्दीत होतो आणि त्याची आठवण कुणी ठेवत नाही. पिढ्यांच्या अनुभवाचा दाखला आपण नेहमी देतो. पण अनुभव जे ताबडतोब घडते तेच टिपतो. सोनामुखीने पोट साफ होते हे अनुभवाला सकाळीच कळते. धुरीतल्या शिशाने मूल मंद झाले हे अनुभवाला शंभर वर्षांतही कळले नाही. ते कळले रक्तातले शिसे मोजणाऱ्या यंत्राला.

परिषद आणि निबंध एकाच शहरात, एकाच वर्षी. रासायनिक विश्लेषणाचा पारंपरिक औषधाशी खरा संबंध कुठला असे मला कुणी विचारले, तर मी परिषदेकडे बोट दाखवणार नाही.

हे झाले मिसळलेल्या विषाचे. त्याआधीचा प्रश्न अगदी बाळबोध आहे आणि म्हणूनच बहुधा कुणी विचारत नाही : पुडीत आहे ते झाड कोणते? आखातात हरमल मागितले तर पेगॅनम हरमाला मिळू शकते किंवा राझ्या स्ट्रिक्टा मिळू शकते, कारण दोन्हींना लोक हेच नाव देतात. पहिलीत मेंदूतल्या एका विकराला अडवणारी हरमीन-हरमलीन ही अल्कलॉइड्स आहेत. नैराश्याच्या काही गोळ्यांबरोबर ती घेतली तर जिवावर बेतू शकते. दुसरीत शंभराहून अधिक वेगळीच अल्कलॉइड्स आहेत. आपणही काही शहाणे नाही. महाराष्ट्रात ब्राह्मी म्हणून गोल पानांची सेंटेला सर्रास वापरली जाते, तर ग्रंथांतली ब्राह्मी म्हणून बरेच जाणकार बकोपा धरतात. एकीत एशियाटिकोसाइड, दुसरीत बकोसाइड्स. ब्राह्मीने स्मरणशक्ती वाढते यावर दिवसभर वाद घालता येईल. बाटलीत कोणती ब्राह्मी आहे हे मात्र पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीने, काचेच्या पट्टीवर, दुपारच्या जेवणाआधी सांगता येते.

मग ते झाड कुठे वाढले? कुवैतच्या बाबतीत हा प्रश्न विशेष धारदार आहे. अरफज हे तिथले राष्ट्रीय फूल, कडू इंद्रावण म्हणजे हंझल तिथल्या वाळूत पसरते, आणि देशभरात मिळून जेमतेम पावणेचारशे जातींच्या वनस्पतींची नोंद आहे. १९९१ साली इराकी सैन्याने जाताना सहाशेहून अधिक विहिरी पेटवल्या आणि वाळवंटात तेलाची तळी साचली. काही वर्षांनी कुवैत विद्यापीठातल्या समीर रदवान आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये १९९५ साली लिहिले की तेलाने भिजलेल्या वाळूत रानझाडे उगवत आहेत आणि त्यांची मुळे स्वच्छ आहेत, कारण मुळांभोवतीचे जीवाणू तेल खाऊन टाकतात. फार सुंदर शोध. पण त्या वाळूवरची वनस्पती कुणी औषध म्हणून खुडली, तर तिच्यातली संयुगे कुठली तिची आणि कुठली तेलाची, हे वेगळे करावे लागेल. रदवान यांच्या त्या झाडांत सेनेशियो होते, आणि सेनेशियो या प्रजातीत तर यकृत बिघडवणारी अल्कलॉइड्स तिची स्वतःचीच असतात. रानातले म्हणून शुद्ध, नैसर्गिक म्हणून निर्धोक, ही आपली आवडती समजूत कुवैतच्या वाळूत दोन पावलेही टिकत नाही.

वैद्यांचा एक आक्षेप मात्र गांभीर्याने घेण्यासारखा आहे. ते म्हणतात, आमची औषधे अनेक द्रव्यांची असतात, संस्कार केलेली असतात, रोग्याची प्रकृती पाहून दिलेली असतात. एकेक रेणू वेचून तुम्हाला त्यातले काय कळणार? यात तथ्य आहे. सोनामुखीचे उदाहरण त्यांच्याच बाजूचे आहे, अळिवाचेही. मलेरियावरच्या आर्टेमिसिनिनचे तर आहेच : चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांना चौथ्या शतकातल्या चिनी ग्रंथात वनस्पती थंड पाण्यात भिजवून पिळण्याची रीत सापडली. उकळल्याने गुण नाहीसा होत असावा हे त्यांनी त्यावरून ताडले आणि कमी उष्णतेत ईथरने अर्क काढला. कृती हीही माहितीच असते, आणि मिथेनॉलमध्ये सगळे बुडवणारा संशोधक ती फेकून देतो. पण हा आक्षेप घ्यायचा तर पूर्ण घ्यावा. रेणूंच्या यादीने औषध नाकारता येत नसेल, तर त्याच यादीने ते सिद्धही होत नाही. ज्या कंपन्या एका सभेत ‘आमचे शास्त्र तुमच्या यंत्रात मावत नाही’ म्हणतात, त्यांच्याच डब्यावर त्याच यंत्राचा आलेख छापलेला असतो. त्यांनी दोन्हीतले एक निवडावे.

कायद्याची अवस्थाही याच दुटप्पीपणाची. आपल्या १९४०च्या औषध कायद्याखाली ग्रंथोक्त आयुर्वेदिक औषधाला परवाना घेताना परिणामकारकतेची नवी चाचणी द्यावी लागत नाही, ग्रंथाचा आधार पुरतो. २००४ साली बॉस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या ७० दक्षिण आशियाई आयुर्वेदिक औषधांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडल्याचे अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात छापून आले. त्यावर इथे प्रचंड गहजब झाला. भस्मांचे शास्त्र परक्यांना कळत नाही वगैरे. आणि मग सरकारने जड धातूंची तपासणी सक्तीची केली, १ जानेवारी २००६ पासून, निर्यातीच्या मालाला. म्हणजे बॉस्टनच्या आणि कुवैतच्या ग्राहकाची काळजी आधी घेतली गेली, भोरच्या आणि जव्हारच्या ग्राहकाची वाट पाहायला हरकत नव्हती.

वनौषधींवरही नियंत्रण हवे, हे कुवैतने निदान नावात तरी प्रांजळपणे मान्य केले आहे. तिथल्या आरोग्य मंत्रालयाचा जो विभाग औषधांची नोंदणी आणि नियंत्रण पाहतो, त्याच्या नावातच वनौषधी आहेत. नोंदणी करून, बाटलीत भरून, दुकानात येणारा माल त्याच्या नजरेखालून जातो. वजन कमी करणाऱ्या ‘शुद्ध वनस्पती’च्या गोळ्यांत सिब्युट्रामिन, आणि पुरुषांच्या ‘हर्बल’ पुड्यांत सिल्डेनाफिल, अशी कारखान्यातली औषधे मिसळण्याचा जगभर सापडणारा प्रकार अशाच तपासणीत पकडला जातो. तिथे कुणी परंपरा सिद्ध करत बसलेले नसते. चोर पकडत असतात.

पण कुवैतमधल्या मराठी घरांत पोहोचणारा बराच माल या नजरेखालून जात नाही. तो सुटीवरून परतताना बॅगेत येतो. गावाकडच्या वैद्याने बांधून दिलेले चूर्ण, मुलाच्या पोटासाठी उगाळायची गुटी, सासूबाईंनी दिलेली सुरम्याची डबी, झिपच्या पिशवीत कसले तरी भस्म. निर्यातीचा नियम त्याला लागत नाही, कारण ती निर्यात नव्हे. कुवैतची नोंदणी लागत नाही, कारण ती विक्री नव्हे. खसखस गेली तर आपण हळहळतो, कारण आखातातल्या काही देशांत खसखशीला अफूच्या बोंडातला माल म्हणून मज्जाव आहे आणि ती विमानतळावर पकडतात. भस्माची पुडी मात्र कुणी पकडत नाही.

क्ष-किरणांवर चालणारे हातात धरायचे एक यंत्र मिळते, दुकानदार सोने तपासायला वापरतात तशाच जातीचे. पुडी न फोडता, न भिजवता, मिनिटा-दोन मिनिटांत ते आत शिसे, पारा, आर्सेनिक आहे का हे सांगते. बारीक प्रमाणे त्याला नीट कळत नाहीत, पण जिथे काळजी करायलाच हवी तिथे ते गप्प राहत नाही. परदेशातल्या मराठी मंडळांच्या गणेशोत्सवात रक्तदाब आणि साखर तपासायचे टेबल असते. त्याच्या शेजारी हे एक यंत्र भाड्याने आणून ठेवता येईल आणि आमंत्रणपत्रिकेवर एक ओळ घालता येईल : घरातली गुटी, सुरमा, भस्म बरोबर आणावे. तिथे कुणाच्याही आजीचा अपमान होणार नाही, कारण तिची गुटी लागू पडते का हे त्या टेबलावर कुणी विचारणारच नाही.